मागच्याला सांगणारा दिवा

ट्रकच्या पाठीवरच्या शेरोशायरीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून आले आहे. कविता लिहिणारा असल्याने त्या ओळी मलाही आवडतात. पण पावसाळी रात्री, घाटाच्या वळणावर, मागून येणाऱ्याला त्या वाचता येत नाहीत. तिथे कामाचे म्हणणे एकच : 'मी थांबतो आहे.' ते सांगतात दोन तांबडे दिवे. त्या दिव्यांची गोष्ट आज सांगावी म्हणतो.

पूर्वी हे काम हाताचे होते. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरच्या हाताच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. वेग कमी करायचा तर उजवा हात बाहेर काढायचा, तळवा जमिनीकडे धरायचा आणि हात वर-खाली हलवायचा. हाताऐवजी यांत्रिक किंवा विजेचे साधन वापरायची मुभाही त्याच कायद्यात होती. ट्रकच्या डाव्या अंगाला क्लीनर असे, ज्याला आमच्याकडे 'किन्नर' म्हणत. त्याचा हात म्हणजे डावीकडचा इंडिकेटर!

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, पण त्या घडणीचे लांब नाकाचे ट्रक पुढे कितीतरी वर्षे धावत राहिले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्याला एकमेकांना भेटतात. तिथल्या गॅरेजांपुढे हे ट्रक मी लहानपणी रांगेने उभे पाहिले आहेत.

कारखान्यातून त्या काळी बहुधा नुसती चासी येई. केबिन आणि लाकडी बॉडी गावोगावचे कारागीर बांधत. साहजिकच मागच्या दिव्यांपर्यंतची बरीचशी वायरही स्थानिक वायरमन ओढत असे. जुन्या ट्रकच्या पुष्कळशा बिघाडांचे मूळ तिथे सापडते.

बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन परत बॅटरीला पोचावी लागते. परतीचा रस्ता म्हणजे ट्रकचे लोखंड. त्याला वायरमन 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी, पण मराठी कानाला किती ओळखीचा! दिवा लाकडी फळीवर बसवला असेल, तर त्याच्यापासून चासीपर्यंत अर्थाची वेगळी तार न्यावी लागते. तिच्या बोल्टाखाली गंज चढला की वीज दुसरी वाट शोधते. मग ब्रेक दाबला की इंडिकेटरच मिणमिणतो, किंवा दोन्ही दिवे मंद जळतात. असे दिसले की बल्ब बदलत बसू नये. बोल्ट खोलून, लोखंड घासून तार पुन्हा घट्ट करावी.

माझ्या ओळखीचे एक वृद्ध वायरमन यासाठी एक साधा टेस्ट लॅम्प वापरत : एक बल्ब आणि दोन तारा. त्यांचा क्रम ठरलेला असे. एकच ब्रेक लाइट बंद असेल तर बल्ब, होल्डर आणि अर्थ पाहायचा. मागच्या बल्बमध्ये बहुधा दोन फिलामेंट असतात, ५ वॅटची टेलची आणि २१ वॅटची ब्रेकची. म्हणून टेल लाइट जळतो याचा अर्थ ब्रेक लाइट ठीक आहे, असा होत नाही. दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज, मग ब्रेकचा स्विच. तो जुन्या ट्रकांत बहुधा तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालतो. स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या आणि दिवे लागले, तर दोष स्विचचा.

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणाऱ्या हॅझार्डला आपल्याकडे बरेच जण 'पार्किंग' म्हणतात. त्याला वीज सहसा बॅटरीतून थेट येते, म्हणजे चावी बंद असली तरी तो चालला पाहिजे. डावा-उजवा इंडिकेटर ठीक लागतो, पण हॅझार्ड लागत नाही, असे असेल तर मागे जाऊन वायर उकलू नये. हॅझार्डचा फ्यूज, स्विच आणि फ्लॅशर तपासावा. जुन्या फ्लॅशरमधली पट्टी विजेने तापून वाकते, निवून परत येते. एखादा बल्ब गेला की तिची लय बिघडते, कधी दिवा नुसताच जळत राहतो.

अमेरिकी घडणीच्या बऱ्याच जुन्या ट्रकांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर चालत. ब्रेकची वीज स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटरच्या स्विचमधून मागे जाई. त्यामुळे मागे अंधार, पण दोष ड्रायव्हरच्या हाताशी, असा प्रकार होई.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र हरवली. हात बाहेर काढणाऱ्याला आपण खूण केली हे माहीत असे. ब्रेक दाबणाऱ्याला आपला दिवा लागला की नाही, हे आपल्या सीटवरून दिसत नाही. तो दिवा त्याच्यासाठी नाहीच. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. मग हा बिघाड महिनोन्महिने तसाच राहतो, आणि ट्रक अंधारात बंद पडला की ड्रायव्हर रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतो. दगड नंतर तिथेच राहतात आणि दुसऱ्या कुणाच्या जिवावर उठतात.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि फुकट आहे. दिवस मावळताना निघण्यापूर्वी एकाने ब्रेकवर पाय ठेवावा, दुसऱ्याने मागे उभे राहून मोठ्याने सांगावे : 'लागला!'