रविवर्मा तसबीर (ओलिओग्राफ)

ओलिओग्राफ : तैलचित्रावरून शिळाछापाने काढलेली रंगीत प्रत. दर रंगाला स्वतंत्र दगड लागे; कारागीर त्यावर चित्राचा तेवढाच अंश हाताने, बारीक ठिपक्यांनी उतरवीत. एकाच कागदावर सारे रंग क्रमाने छापून वर वार्निश देत. कधी कॅनव्हासचा पोतही उठवीत.

पुण्याच्या चित्रशाळेच्या (स्थापना १८७८) रंगीत तसबिरी मराठी घरांत आधीच पोचल्या होत्या. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथली पहिली प्रत शकुंतलाजन्माची. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ तिथे काम केले. लक्ष्मी-सरस्वती इथूनच घरोघर गेल्या आणि देवघरात पुजल्या गेल्या. १९७२ च्या आगीत छापखाना जळाला.

आज बाजारात या चित्रांच्या जुन्या छापील प्रती आणि नव्या डिजिटल प्रती अशा दोन्ही मिळतात, आणि दुसरी पहिलीच्या भावाने विकण्याचा मोह पुष्कळांना होतो. चित्रांचा स्वामित्वहक्क संपल्यामुळे नवी प्रत कोणीही छापू शकतो. खरेदीपूर्वी भिंग लावून पाहावे. शिळाछापाचे ठिपके वेडेवाकडे, हाताचे वाटतात. ऑफसेटचे एका जाळीत बसलेले दिसतात. तळाशी 'कार्ला-लोणावळा' असा छापखान्याचा पत्ता आहे, एवढ्यावर विसंबू नये. मूळ प्रतीचा फोटो काढून छापला की तोही त्यात येतोच. जुनी चौकट तर काहीच सिद्ध करत नाही. काही जुन्या प्रतींवर जर, कापड, टिकल्या चिकटवून देवीला नटवलेले असते. ही सजावट छपाईनंतरची.

नवी प्रत म्हणून नवी घेण्यात कमीपणा नाही. दिवाणखान्यासाठी संशयास्पद 'अँटिक'पेक्षा आम्लविरहित कागदावर, न विटणाऱ्या शाईत काढलेली प्रत बरी. खरे नुकसान बहुधा फ्रेम करताना होते. काच चित्राला टेकली की पावसाळ्यात कागद तिला चिकटतो, म्हणून मध्ये माउंट हवाच. पाठीला साधी प्लायवुड किंवा हार्डबोर्ड थेट लावल्यास त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. जुनी प्रत फ्रेमवाल्याकडे देताना कडा कापू नयेत, असे बजावून सांगावे. छापखान्याचे नाव तिथेच असते. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळावे. मागची फट कागदी पट्टीने बंद केली, तर कसर सहसा आत शिरत नाही.