कुस्तीचे मैदान आणि त्याचा थाट

कागल मागे टाकून, दूधगंगा ओलांडून दक्षिणेस निघाले म्हणजे कोगनोळीचे शिवार लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर हा मराठी मुलूखही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सरकारी दप्तरात दोन अंमल झाले, महामार्गावर नाका बसला. कुस्तीच्या षोकाने मात्र ही हद्द कधी मानली नाही. निपाणी, चिकोडी, कागल आणि कोल्हापूर या पट्ट्यात गावची यात्रा आली की अखेरच्या दिवशी मैदान भरायचेच, आणि इकडचा पैलवान तिकडच्या आखाड्यात त्याच मानाने उतरायचा.

अजिंक्यपदाच्या सामन्यात खेळ मोठा की खेळाभोवतीचा तमाशा मोठा, हा प्रश्न अलीकडे जगभर विचारला जातो. अमेरिकेतील त्यांच्या धाटणीच्या फुटबॉलचा अंतिम सामना हे त्याचे ठळक उदाहरण. १९९३ साली पॅसाडीना येथे मायकेल जॅक्सन याने मध्यंतर गाजविले, तेव्हापासून नामवंत गायकांचा जलसा हा त्या सामन्याचा अविभाज्य भाग झाला आणि त्या एका दिवसापुरते मध्यंतर नेहमीच्या दुपटीने लांबू लागले. ज्या प्रांताने शंभर वर्षांपूर्वीच या प्रश्नाचा निवाडा दगडमातीत बांधून ठेवला, त्या आपल्या प्रांतातील लोकांनी या वादात आपली साक्ष अवश्य द्यावी.

कुस्ती ही कधीच कोरडी, निरलंकृत नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल आणि लिंबाचा रस कालवून ती मऊ करावयाची, हनुमंताच्या तसबिरीपुढे नारळ फोडावयाचा, पंचांनी फेटे बांधावयाचे, आणि हलगी-घुमक्याच्या कडकडाटात पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या, मग नारळावरच्या कुस्त्या लावीत लावीत शेवटच्या मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत चढत जावयाचे, असा हा सगळा सोहळाच असे. पण हलगीवाल्याकडे जवळून पाहावे. त्याची नजर प्रेक्षकांकडे नसते. ती पैलवानांच्या हातांवर खिळलेली असते. खडाखडी चालू आहे तोवर त्याची टिपरी संथ पडते, पट काढला की ठेका दुणावतो, आणि ढाक लागून पाठ मातीला टेकेपर्यंत तो ठेका असा काही चढतो की दूर उभ्या असलेल्या माणसालाही न पाहता कुस्तीचा रंग कळावा. येथे वाद्य खेळाच्या मागून चालते. खेळ वाद्यासाठी थांबत नाही.

हा विवेक राजर्षी शाहू छत्रपतींनी वास्तूत उतरविला. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेला आणि स्वतः मल्लविद्येचा मर्मज्ञ असलेला हा राजा १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेला, त्या प्रवासात त्याने रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि परतल्यावर कोल्हापुरात खासबागेचे वर्तुळाकार मैदान उभारविले, ज्याचे उद्घाटन १९१२ मध्ये इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने झाले. रोमच्या त्या वास्तूत माणसांचे प्राण हाच करमणुकीचा विषय होता. महाराजांनी बांधणी उचलली, क्रौर्य टाकले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी योजना केली की पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येऊ नये आणि कोठेही बसलेल्या रयतेस डाव स्पष्ट दिसावा. याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की १९१५ साली त्यांनी याच मैदानास लागून पॅलेस थिएटर उभे केले, जे पुढे नटश्रेष्ठ केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले. करमणूक आणि क्रीडा या दोहोंवर सारखीच मर्जी असलेल्या या राजाने दोघींना शेजार दिला, पण घरे वेगळी दिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत नाट्यगृहाबरोबर खासबागेचे व्यासपीठही भस्मसात झाले, तेव्हा साऱ्या पंचक्रोशीने दोहोंसाठी एकच हळहळ व्यक्त केली.

या परंपरेचे फळही सीमेने अडविले नाही. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगास हरवून पहिले हिंदकेसरी झाले. १९७७ साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी सतपाल यांच्यावर विजय मिळविला, त्याचे वर्णन जुनी माणसे अजून डावानिशी करतात. त्या दिवशी कोणाकोणाचे सत्कार झाले, हे कोणीही सांगत नाही.

आणि नेमके हेच सत्कार आज मैदानाला ग्रासू लागले आहेत. पाहुण्यांचे आगमन, फेटे, शाल-श्रीफळ, नामोल्लेख आणि पुन्हा नामोल्लेख, यांत दुपार सरते. वर्षभर खुराक खाऊन, पहाटेच्या जोरबैठका मारून अंग कमावलेले पैलवान लांगा चढवून ताटकळतात. आणि अखेरची जोड लागते तेव्हा दिवस मावळलेला असतो, म्हणून पंच तिला मोजकी मिनिटे देतात व निकाल चितपटीऐवजी गुणांवर उरकतात. कोल्हापुरात तालमींच्याच नावांनी खेळणारे संघ फुटबॉलचा अंतिम सामना खेळतात, तेथेही गजर आणि गुलाल भरपूर असतो. पण शिट्टी वाजली की चेंडू फिरू लागतो, आणि गर्दीचा आवाज त्या चेंडूच्याच मागे धावतो. तोवर त्या उत्सवास नावे ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून थाट असावा की नसावा, हा वाद मला व्यर्थ वाटतो. थाट असावाच, त्याच्याविना यात्रा सुनी आणि पैलवानाचा मानही उणा. प्रश्न एवढाच की वेळेवर अधिकार कोणाचा. जो कार्यक्रम खेळाडूच्या वाट्याची मिनिटे घेतो, तो कितीही देखणा असला तरी अतिक्रमणच होय, मग तो पॅसाडीनात असो वा आपल्या यात्रेत. गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी वर्गणीचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मांडला तितकाच वेळेचाही मांडावा, सत्कार पहिल्या जोडीपूर्वी उरकावेत, आणि शेवटच्या कुस्तीस सूर्यप्रकाश व निकाल लागेपर्यंतची मुदत द्यावी. ज्या मुलखाने भारताला पहिला हिंदकेसरी दिला, त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नाही.