एकांताची लेणी

जैन धर्माच्या इतिहासाचा विचार करताना आपल्या दृष्टीसमोर प्रथम भव्य मंदिरे, राजाश्रय आणि ग्रंथभांडारे येतात. तथापि या इतिहासाचा उगम निसर्गाच्या सान्निध्यातील एकांतात आहे. भगवान महावीरांनी वयाच्या तिसाव्या वर्षी गृहत्याग केला. त्यानंतर सुमारे साडेबारा वर्षे त्यांनी तप, मौन व ध्यान यांत व्यतीत केली. ऋजुकूला अथवा ऋजुवालुका नदीच्या तीरी, शालवृक्षाखाली त्यांना केवलज्ञान प्राप्त झाले. एक नदी, एक वृक्ष आणि भोवतीची शांतता एवढेच त्या घटनेचे साक्षीदार होते.

पुढे श्रमणसंघ वाढला. साधू आठ महिने विहार करीत आणि जीवहिंसा टळावी म्हणून पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी स्थिर राहत. अशा निवासास डोंगरातील गुहा फार उपयुक्त ठरल्या. गावाचा कोलाहल तेथे पोहोचत नसे. मात्र भिक्षेसाठी गाव अगदीच दूर असूनही चालत नसे.

या गुहांतील जीवन किती साधे होते, हे तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यातील सित्तन्नवासल येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तेथील नैसर्गिक गुहेत खडक घासून गुळगुळीत केलेल्या १७ शिलाशय्या आहेत. काहींना उशीसारखा उंचवटाही ठेवलेला आहे. तेथील तमिळ-ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. निजण्यापुरता दगड आणि डोक्यावर छत, एवढाच त्या साधकांचा संसार होता.

आपल्या महाराष्ट्रातही याचा प्राचीन पुरावा आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात पाले येथील गुहेत अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा एक छोटा ब्राह्मी लेख आहे. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पोढी करविल्याचा उल्लेख त्यात आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. अनेक अभ्यासक हा लेख इसवी सनापूर्वीचा व जैन परंपरेचा मानतात. निवारा आणि पाणी या दोन गोष्टींची सोय झाली की साधकाला अन्य कशाचीही अपेक्षा नसे, असेच हा लेख जणू सांगतो.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. अपरिग्रही साधूजवळ कवडीही नसते. मग कठीण कातळ फोडण्याचा व्यय कोण सोशीत असे? ओडिशातील भुवनेश्वरजवळच्या उदयगिरी टेकडीवर याचे उत्तर मिळते. तेथील हाथीगुंफेत कलिंगसम्राट खारवेलाचा १७ ओळींचा प्रसिद्ध लेख आहे. त्याच टेकडीवरील एका लेण्यात, कलिंगाच्या श्रमणांसाठी हे लेणे खारवेलाच्या पट्टराणीने करविले, अशी नोंद कोरलेली आहे. साधूचा एकांत हे अशा रीतीने गृहस्थाचे दान होते. आम्हा व्यापारी मंडळींना जमाखर्चाची सवय असते. परंतु दुसऱ्याच्या शांततेसाठी केलेला खर्च कोणत्या खात्यावर मांडावा, हे त्या राणीपासून शिकावे.

एकांत लाभला म्हणजे मन आपोआप शांत होते काय? वेरूळच्या क्रमांक ३० ते ३४ या जैन लेण्यांतील शिल्पे या प्रश्नाचा फार सखोल विचार करावयास लावतात. नवव्या-दहाव्या शतकांतील या लेण्यांत दोन प्रसंग वारंवार कोरलेले दिसतात. एकात भगवान पार्श्वनाथ कमठाच्या उपसर्गांमध्ये अविचल उभे आहेत. दुसऱ्यात बाहुबली कायोत्सर्ग मुद्रेत असून त्यांच्या हातापायांना वेली वेढल्या आहेत. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे चावुंडरायाने इ. स. ९८१ च्या सुमारास उभारविलेल्या सुमारे ५७ फूट उंचीच्या मूर्तीवरही याच वेली आहेत. त्या मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या लेखांत मराठीच्या अतिप्राचीन ओळींचाही समावेश आहे, ही आपणा मराठी भाषकांना अभिमानाची बाब होय.

बाहुबलींची कथा आपणा सर्वांस ज्ञात आहेच. वर्षभर ते एकाच जागी उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पायांशी वारुळे वाढली; तरीही केवलज्ञान दूर राहिले. त्याचे कारण दिगंबर व श्वेतांबर परंपरा वेगवेगळ्या रीतीने सांगतात. कोणी मनातील सल म्हणतात, कोणी अभिमानाचा अंश. सारांश मात्र एकच आहे. अरण्य, वारा व मौन ही बाह्य साधने होत. मनातील शेवटची गाठ सुटल्याखेरीज शांती नाही. पार्श्वनाथांचे शिल्प याची दुसरी बाजू दाखविते. अंतःकरण स्थिर असेल तर भोवतीचे तांडवही ती शांती भंग करू शकत नाही.

गृहस्थाला अरण्यात जाणे शक्य नाही, हे जाणूनच पूर्वाचार्यांनी सामायिकाची योजना केली असावी. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, समभावात बसावयाचे. गिऱ्हाइकांची वर्दळ, भावाची घासाघीस, वसुलीची चिंता यांत दिवस घालविणाऱ्यासाठी हेच त्याचे फिरते लेणे होय. त्यास ना डोंगर लागतो, ना छिन्नी.

सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्त मंडळाजवळ एक नम्र सूचना करावीशी वाटते. सभागृहे, भोजनशाळा व ध्वनिक्षेपक यांची सोय आपण करतोच. त्याजोडीला एक लहानशी, विनाशोभेची खोली केवळ मौनासाठी राखावी. तिच्या दारावर दात्याच्या नावाची पाटी नसली तरी चालेल; आत पिण्याच्या पाण्याचा एक माठ मात्र अवश्य असावा. पाले येथील लेण्याने आपल्याला इतके तरी शिकविले आहे.