वस्तादावर भरवसा किती ठेवावा?

श्रोतेहो, कोल्हापुरात एक देखावा पुष्कळ वर्षांपासून पाहायला मिळतो. खेड्यातला एखादा शेतकरी आपल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन तालमीच्या दारात उभा असतो. हातात पत्र्याची पेटी, काखेत तुपाचा डबा. आत लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीची तसबीर. बाप वस्तादाच्या पाया पडतो आणि म्हणतो, "पोरगं तुमच्या ओटीत घातलंय, वस्ताद." एवढे बोलून तो एसटी पकडतो आणि गावी जातो. लेखी करार नाही, पावती नाही. पुढची पाच-सात वर्षे त्या पोराने किती जोर मारायचे, काय खायचे, कोणाशी लढायचे, हे सारे वस्ताद ठरवणार.

आता विचार असा, की या वस्तादाने आपल्या उमेदीत, स्वतः लढत असताना, बंदी घातलेल्या औषधाची सुई टोचून घेतली असेल तर? त्याच्या ओटीत पोर घालावे काय? कोणी म्हणेल, "कुंपणच शेत खाते, तिथे राखण कसली?" दुसरा म्हणेल, "अहो, वाल्याचाही वाल्मीकी झाला!" दोन्ही म्हणी आपल्याच. खरी कोणती, ते इतिहासाला विचारून पाहू.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रचंड क्रीडागृह पाहिले. तसे मैदान आपल्याकडे असावे ही ओढ त्यांना लागली आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. कुठेही बसा, मधला हौदा स्वच्छ दिसतो. महाराजांनी मैदान बांधले, तसे मल्लही पोसले. दूध, तूप, बदाम दरबारातून येई. मल्लाला उद्याच्या खुराकाची चिंता नसे आणि वस्तादाला घाई नसे.

पुढे १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय सरला. खुराकाचा भार बापाच्या कनवटीवर आणि जत्रेतल्या इनामावर आला. बाप विचारू लागला, "कधी कुस्ती मारणार?" घाई शिरली ती इथून. आणि घाई जिथे शिरते तिथे आडवाटही सापडते.

पण सगळेच आडवाटेने गेले असे मात्र नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा खर्चाला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले, स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले पहिले पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग काय केले? कोल्हापुरात कुस्त्या ठरवून पैसा उभा केला आणि गुरुजींचे घर सोडवले. शिक्षकबंधूंनो, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती पदकासाठी. माझ्या मते ती विश्वासाची गोष्ट आहे. विश्वास तोंडी नव्हता, घर गहाण पडले होते. आणि ज्याच्यावर ठेवला त्याने त्याचा हिशेब चुकता केला.

आता दुसरी बाजू पाहू. २०११ साली भारताच्या सहा महिला धावपटूंच्या तपासणीत स्नायू वाढवणारी बंदी घातलेली औषधे सापडली. त्या म्हणाल्या, आम्ही प्रशिक्षकांनी आणून दिलेले जिनसेंग घेतले, त्यातून ते आले असेल. परदेशी प्रशिक्षकांना सरकारने काढून टाकले. पण धावपटूंनाही बंदी भोगावी लागलीच. कारण या खेळांचा कायदा असा, की ज्याच्या अंगात औषध सापडले, पहिला जबाबदार तोच. "वस्तादांनी दिले म्हणून घेतले" एवढ्याने सुटका नाही. हाताने दिले ते गुरूने, पण आयुष्य गेले ते शिष्याचे.

कुस्तीतही असेच एक प्रकरण घडले. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला जाणार होता. त्याआधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे औषध सापडले. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते कालवले, असे त्याचे म्हणणे. देशातल्या समितीने ते मानले आणि त्याला मोकळे केले. पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, निकाल फिरवला आणि चार वर्षांची बंदी घातली. कालवाकालवीचा ठोस पुरावा लवादाला दिसला नाही. ती शिक्षा त्याने पूर्ण भोगली. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून तो निवडून आला. कोणाला हे खटकले, कोणाला योग्य वाटले. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला जन्मभर दाराबाहेर ठेवणे हा न्याय नव्हे. पण दार उघडणे वेगळे आणि आतली किल्ली त्याच्या हाती देणे वेगळे.

हाच प्रश्न युरोपातल्या सायकल-शर्यतींत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिथे संघाचा व्यवस्थापक म्हणजे आपला वस्तादच. स्वार निवडतो तो, डाव ठरवतो तो, डॉक्टर नेमतो तोही. आणि पुष्कळ व्यवस्थापक जुने स्वार. १९६७ साली टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार टूर द फ्रान्समध्ये भर उन्हात डोंगर चढताना कोसळून मेला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. तरी धंदा थांबला नाही.

डेन्मार्कचा बार्ने रीस १९९६ ची टूर जिंकला आणि पुढे संघाचा व्यवस्थापक झाला. अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याने कबूल केले, की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे औषध घेऊन मी ती शर्यत मारली. लोक म्हणाले, चला, खरे तरी बोलला. पण २०१५ मध्ये डेन्मार्कच्या चौकशीचा अहवाल आला. संघ चालवत असताना आपल्या स्वारांच्या औषधांची रीसला कल्पना होती आणि त्याने ते थांबवले नाही, असे त्यात निघाले. मुदत टळल्यामुळे शिक्षा मात्र झाली नाही. म्हणजे कबुली अर्धीच होती. स्वतःची जुनी चूक सांगितली, चालू कारभार झाकला.

अमेरिकेचा जोनाथन व्हॉटर्स हाही औषधे घेतलेला स्वार. त्याने स्वतःचा संघ काढला आणि नियमात नाही एवढ्या जादा रक्ततपासण्या बाहेरच्या माणसांकडून करून घेतल्या. २०१२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून आपली चूक उघड मांडली, चौकशीत साक्षही दिली. तरीही त्याच्या संघातला एक स्वार २०१५ मध्ये पुन्हा सापडला. म्हणजे वाल्मीकीच्या आश्रमातही पहारा लागतोच!

त्याच २०१२ साली एका इंग्रज संघाने फर्मान काढले, की औषधाशी कधीही संबंध आला नव्हता असे प्रत्येकाने लिहून द्यावे. जे खरे बोलले त्यांची नोकरी गेली. नियम कडक दिसतो खरा. पण खरे बोलणारा घरी जाणार असेल, तर दुसरा कोण तोंड उघडेल? वर्गात फळा कोणी फोडला ते सांगणाऱ्यालाच छडी मारली, तर पुढच्या वेळी सारा वर्ग मुका होतो. हे शिक्षकांना मी काय सांगावे!

तेव्हा वस्तादाची पारख कशी करावी? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चूक त्याने आपण होऊन सांगितली, की पकडला गेल्यावर? दुसरी, सगळी सांगितली, की आपल्यापुरती? औषध कोणी आणले, कोणी टोचले, हेही सांगितले काय? आणि तिसरी, सर्वांत मोठी: आज तो आपला कारभार दुसऱ्याला तपासू देतो काय? पहिल्या दोहोंत थोडे उणे असले तरी माणूस सुधारू शकतो. तिसरीला जो नकार देतो, त्याच्या ओटीत पोर घालू नये, मग त्याचा भूतकाळ धुतल्या तांदळासारखा का असेना. कुंपण शेत खाते ते जुने म्हणून नव्हे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून.

वाल्या कोळ्याची गोष्टही नीट आठवा. त्याने आधी घरी जाऊन विचारले, "माझ्या पापात वाटेकरी कोण?" मग तो बसला आणि अंगावर वारूळ चढले. आपल्याला वाल्या आठवतो, वाल्मीकी आठवतो. मधले वारूळ आपण विसरतो.

पालकांनो, मुलगा तालमीत ठेवला म्हणून आपले काम संपले असे समजू नका. महिन्यातून एकदा जाऊन या. दूध किती, बदाम किती, हे विचारता तसेच विचारा, "वस्ताद, पोराला गोळी-सुई काही देता काय? कागदावर नाव लिहून द्या." ते नाव सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. महिन्या-दोन महिन्यांत पोराचे अंग एकाएकी फुगले, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, स्वभाव तापट झाला, तर कौतुक करण्याआधी चौकशी करा. या औषधांनी यकृत आणि हृदय बिघडते, पुढे मूल होण्यालाही अडथळा येतो. जत्रेतले इनाम त्याची भरपाई करीत नाही.

हे विचारले म्हणून वस्तादांचा अपमान होईल, असे पुष्कळांना वाटते. होत नाही. खऱ्या वस्तादाला असा बाप आवडतो. वस्ताद एक डाव पठ्ठ्यापासून राखून ठेवतो म्हणतात. खुशाल ठेवावा. डाव राखलेला चालेल, बाटली लपवलेली चालणार नाही.

खर्डीकर गुरुजींनी घर गहाण टाकले ते पोराला नीट ओळखून. आपण तर घराहून मोलाचे काही तालमीत ठेवून येतो. निदान तेवढी ओळख करून घेऊ या.