देवळालीकरांची शाळा आणि चिंचाळकरांची पाने

रायपूर आणि इंदूर ही शहरे १९५६ ते २००० या काळात एकाच राज्यात होती; तथापि मध्य भारतातील मराठी भाषकांच्या कलेतिहासात दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. रायपूरचा ओढा पूर्वापार नागपूरकडे होता. इंदूरला होळकरांची राजधानी असल्याचा वारसा होता. त्या संस्थानी इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन आणि विष्णू चिंचाळकर हे तिचे विद्यार्थी. देवळालीकरांचा उल्लेख मात्र बहुधा या शिष्यांच्या चरित्रांतच, ओझरता आढळतो. चित्रकाराची सही उरते, शिक्षकाची उरत नाही.

बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात गेले आणि अध्यापनाची ती परंपरा आधुनिक भारतीय चित्रकलेच्या मुख्य प्रवाहास मिळाली. चिंचाळकर (१९१७-२०००) इंदुरातच राहिले. कुशल व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आल्यावर त्यांनी रंग-कुंचला जवळजवळ बाजूस ठेवला आणि वाळलेली पाने, मुळ्या, साली, फुटक्या वस्तू हाती घेतल्या. वस्तूत फेरफार करण्यापेक्षा ती फिरवून पाहावी, तिच्यातला पक्षी वा चेहरा ओळखावा, एवढीच त्यांची रीत. मुलांना ते हेच शिकवीत. म्हणून इंदूरकरांसाठी ते ‘गुरुजी’ झाले.

त्यांचे स्नेही कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले आणि माळव्याच्या लोकधुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. दोघांचीही वृत्ती निर्मात्यापेक्षा शोधकाची होती. परंतु हे साम्य फार ताणू नये. कुमारांचे धुनउगम राग ‘अनूपरागविलास’मध्ये (१९६५) स्वरलिपीबद्ध झाले, चिंचाळकरांचे माध्यमच झडणारे. जे चित्र वाळून चुरा होते, त्याची नोंद सूचिकारांनी कोठे करावी? प्रादेशिक कलावंत म्हणून त्यांची बोळवण होते, ती गुणवत्तेमुळे नव्हे, तर सूचीच्या अशा सोयीमुळे.

तौलनिक अभ्यासकांना ‘खिलते अक्षर’ हे त्यांचे पुस्तक विशेष उपयोगी पडावे. घरी मराठी आणि बाहेर हिंदी अशा जगण्यात लिपी तेवढी दोहींकडे एकच. त्या देवनागरीच्या वळणांतून येथे आकृती उमलतात. अक्षर वाचण्याआधी ते पाहावे लागते.

इंदुरात आज देवळालीकरांच्या नावाची कलावीथिका आहे. तिच्या भिंतींवर टांगता येईल असे चिंचाळकरांच्या उत्तरकाळातील काम फारच थोडे.