नाशिकमधील सुट्टीचा सिनेमा

सणासुदीला कोणता सिनेमा लावायचा, हे थिएटरवाल्यांनी फार लवकर ओळखले होते. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला, तो अशाच एका सणाला. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिताना त्यांनी १९१० चा नाताळ सांगितला. काही अभ्यासक १९११ चा ईस्टर धरतात. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले.

त्यातून तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी, शनिवारी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सोबत नाच, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू असा भरगच्च कार्यक्रम होता. त्या काळच्या प्रेक्षकापुढे निवड होती ती सिनेमा की नाटक अशी. सुरतेला हे लख्ख दिसले. तिथे दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत असताना तीन आणे मोजून दीड तासाचा सिनेमा पाहायला माणसे येईनात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे. चित्रपट होता साधारण ३,७०० फुटांचा, म्हणजे पाऊण मैलही नाही. मात्र एका फुटात सोळा चित्रे बसतात, त्यामुळे छायाचित्रांचा आकडा बराचसा खरा होता. गर्दी झाली.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ इथेच तयार झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) या स्त्रियांनी भूमिका केल्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर येताच लोक पायांतल्या वहाणा काढत. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि नाशिक पौराणिक चित्रपटांचे गाव झाले. कथा सगळ्यांना पाठ असल्याने चौकशी गोष्टीची नसे. देव कसा दिसतो, चमत्कार कसा केला, याची असे. फाळके यांचे निधन १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच झाले.

बोलपट आल्यावर निवडीचे स्वरूप बदलले. एका टॉकीजला एकच चित्रपट, त्यामुळे टॉकीज ठरली की सिनेमा ठरला. शहरात विजयानंद, मधुकर, हेमलता, सर्कल; नाशिकरोडला अनुराधा आणि रेजिमेंटल. वर्तमानपत्रातली जाहिरात, भिंतीवरचे पोस्टर आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा यांवरून घरात चर्चा होई. ‘गावकरी’ परिवाराचे ‘रसरंग’ हे सिनेमाचे साप्ताहिक नाशिकहूनच निघत असे. तरीही शेवटचा शब्द तिकीट खिडकीचा. तिथे ‘हाऊसफुल्ल’ची पाटी दिसली की ब्लॅकने तिकीट घ्यायचे किंवा दुसऱ्या टॉकीजकडे वळायचे. खेड्यांत जत्रेला तंबू टॉकीज येई. तिथे तर निवडीचा प्रश्नच नव्हता.

हिंदी चित्रपट शुक्रवारी प्रदर्शित करण्याची प्रथा रुजली आणि सिनेमाचा आठवडा त्या दिवसापासून मोजला जाऊ लागला. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात हा वार आणखी महत्त्वाचा, कारण तिथले यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. नवा सिनेमा आणि कारागिराची सुट्टी एकाच दिवशी येते. सिनेमाच्या या वेडातूनच २००० साली तिथे ‘मालेगाव के शोले’सारखा स्थानिक चित्रपट तयार झाला. मूळ ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ चा, म्हणजे सुट्टी आणि शुक्रवार दोन्ही साधून आलेला. वितरक अशाच जोडसुट्ट्या शोधतात. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, शुक्रवारी आला. त्या रविवारी महाराष्ट्र दिन होता आणि शाळांची उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर होती.

मल्टिप्लेक्सने टॉकीज आणि चित्रपट यांची गाठ सोडवली. एकाच छताखाली चार-पाच चित्रपट असल्याने प्रेक्षक आधी वेळ पाहतो, मग खुर्च्या आणि दर, आणि त्यानंतर सिनेमा. मोठ्या हिंदी चित्रपटाने बहुतेक पडदे घेतले तर मराठी चित्रपटाच्या वाट्याला अडनिड्या वेळा येतात. म्हणूनच २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा देण्याचा मुद्दा हाती घेतला. लेकुरवाळ्या कुटुंबाला आता आणखी एक गोष्ट पाहावी लागते : २०२४ पासून ‘यूए’ प्रमाणपत्रावर ७, १३ किंवा १६ असे वय छापलेले असते. त्यानुसार धाकट्याला चालणारा सिनेमाच बहुधा साऱ्या घराचा ठरतो.