खाजनाचा बांध

भरतीच्या वेळी मांडवीच्या अथवा जुवारीच्या काठाने जाणाऱ्यास एक विलक्षण दृश्य दिसते. बांधाच्या एका अंगास खारे पाणी चढलेले असते आणि दुसऱ्या अंगास, त्या पाण्याहून सखल भूमीवर, भाताचे पीक उभे असते. हीच गोमंतकाची खाजने. त्यांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगतात.

खाजन ही निसर्गाची देणगी नव्हे. चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून गावकऱ्यांनी ती भूमी दलदलीतून मिळविली. बांदोडे येथील मौर्य राजा अनिर्जितवर्मन याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ भूमीचा उल्लेख आहे. म्हणजे हा उद्योग पोर्तुगिजांच्या आगमनाहून कित्येक शतके जुना ठरतो.

या साऱ्या रचनेचे मर्म मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातील पाण्याचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की फळ्या आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने त्या उघडतात. चंद्रच येथे द्वारपाल! पावसाने मीठ धुऊन गेले की कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पेरावयाचे, आणि ओहोटीस मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरावयाची. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा मारा झेलते, म्हणून तिलाही राखावयाचे.

परंतु हे दार केवळ लाकडाचे नव्हते. बांधाची डागडुजी आणि मानशीच्या मासळीचा लिलाव ही दोन्ही कामे गावकरीच्याच हाती असत. पोर्तुगीज राजवटीने १५२६ च्या फोरालात तिसवाडीच्या गावकऱ्यांचे जुने रिवाज नोंदवून घेतले. पुढे त्याच संस्थेस कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. तिच्यात सर्वांस समान स्थान नव्हते, हे विसरता येत नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास न्याय दिला, तो न्याय्यच होता. मात्र बांधाचा भार कूळसंघांवर आला आणि जुनी घडी विसकटली. मासळीचा मक्ता घेणाऱ्यास खारे पाणी आत आलेले हवे, शेतकऱ्यास ते बाहेर हवे. भरतीस दारे मुद्दाम उघडी राहिली की भाताचे शेत खारावते, आणि पडीक शेतात खारफुटी शिरते.

येथे मोठे कोडे पडते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्या झाडीस अमूल्य मानतो. शेतकरी तिच्यात बापजाद्यांचे बुडालेले शेत पाहतो. माझ्या मते दोघांचेही खरे आहे, कारण बांधाबाहेरची खारफुटी ही रक्षक आणि आतली ही फुटलेल्या बांधाची खूण. २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेने खाजनांस संरक्षण देऊन व्यवस्थापनाचा आराखडा करावयास सांगितले. पण भगदाड पडले तर पहिली टोपली कोणी उचलावयाची, याचा निर्णय ओहोटी परतण्यापूर्वी गावातच व्हावा लागतो.